आखाडा कोणी आखायचा?

कोल्हापूर महानगरपालिकेच्या मागील सभागृहाची मुदत १५ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. पुढील सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. या दोन तारखांमध्ये पाच वर्षे आणि दोन महिने आहेत. म्हणजे एका सभागृहाच्या संपूर्ण कायदेशीर आयुष्याहून अधिक काळ हे शहर सभागृहावाचून चालविले गेले. निवडणूक झाली, गुलाल उधळला गेला आणि तालमी-मंडळांतून जल्लोषही झाला. त्या गुलालाखाली पाच वर्षांचा हा हिशेब गाडला जावा, अशी सर्वच सत्ताधाऱ्यांची इच्छा असणार. तो गाडला जाऊ नये, एवढ्यासाठी हा विषय येथे घ्यावयाचा आहे.

प्रभागरचना, आरक्षणाची सोडत, हरकती-सूचना, मतदारयादीची अधिप्रमाणित तारीख, सभेच्या कार्यपत्रिकेची मुदत हे सारे शब्द उच्चारताच कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसतो. ‘हे कारकुनी काम, ते वकिलांनी पाहावे. आपले काम रस्त्यावर,’ अशी एक समजूत डाव्या चळवळीत दीर्घकाळ रुजली आहे. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती प्रस्थापितांच्या पथ्यावर पडणारी आहे. धनवंताला नियमांची गरज नसते. त्याचे काम ओळखीने होते, पैशाने होते. ज्याच्यापाशी ओळख नाही आणि पैसाही नाही, त्याचा एकमेव आधार म्हणजे ठरलेला, लिहिलेला आणि कोणाच्याही लहरीनुसार न बदलणारा नियम. म्हणूनच नियम जेव्हा मोडला जातो, तेव्हा पहिला घाव बसतो तो गरिबावर.

संविधान काय सांगते?

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने घातलेल्या अनुच्छेद २४३-यू मधील तरतूद इतकी स्पष्ट आहे की तिचे दोन अर्थ संभवत नाहीत. नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्यापुढे नाही. आणि नवी निवडणूक ही मुदत संपण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. मुदतीपूर्वी पालिका बरखास्त झाली तरी सहा महिन्यांच्या आत निवडणूक घेतलीच पाहिजे. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हाच अर्थ ठामपणे सांगितला. प्रभागरचना राहिली, याद्या राहिल्या, अशा सबबींवर निवडणूक लांबविण्यास त्या निकालाने वाव ठेवलेला नाही.

या तरतुदीमागे इतिहास होता. नगरपालिका बरखास्त करायची, प्रशासक बसवायचा आणि निवडणूक सोयीनुसार घ्यायची, हा राज्य सरकारांचा जुना खेळ होता. कोल्हापूरला त्याचा अनुभव जन्मापासूनचा आहे. येथील नगरपालिका १८५४ सालची. तिची महानगरपालिका झाली १५ डिसेंबर १९७२ रोजी. परंतु महानगरपालिकेचे पहिले निवडून आलेले सभागृह अस्तित्वात येण्यास १९७८ साल उजाडावे लागले. तोवर प्रशासकच सर्वेसर्वा होता. हे पुन्हा घडू नये म्हणून संविधानात अनुच्छेद घातला गेला. आणि त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, तो अनुच्छेद जागच्या जागी असताना, नेमके तेच पुन्हा घडले. शेजारच्या इचलकरंजीची कथा त्याहून वेगळी नाही. २०२२ साली तिला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. यंत्रमाग कामगारांच्या या शहराने आपल्या पहिल्या महापालिका सभागृहासाठी मतदान केले तेही २०२६ च्या जानेवारीतच.

महामारीची ढाल

कोरोनाच्या महामारीमुळे निवडणूक लांबली, असे प्रथम सांगण्यात आले. महामारी खरी होती; तिने नेलेली माणसे खरी होती. परंतु हे कारण कितपत टिकते, ते पाहावे. केरळमधील स्थानिक संस्थांची मुदतही २०२० च्या नोव्हेंबरातच संपत होती. तेथे डिसेंबर २०२० मध्ये, महामारी चालू असतानाच, सर्व काळजी घेऊन निवडणुका पार पडल्या. त्या सभागृहांची मुदत संपण्यापूर्वीच डिसेंबर २०२५ मध्ये पुढच्याही झाल्या. केरळचे सोडा, खुद्द महाराष्ट्रात १५ जानेवारी २०२१ रोजी चौदा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान घेण्यात आले. ज्या राज्याला १५ जानेवारी २०२१ रोजी खेड्यांत मतपेट्या नेता आल्या, त्याच राज्याला कोल्हापूर शहरात त्या नेण्यासाठी १५ जानेवारी २०२६ ची वाट पाहावी लागली. बरोबर पाच वर्षे! महामारी शहर आणि खेडे असा भेद करीत नव्हती. भेद करणारे दुसरेच होते.

दुसरे कारण सांगितले गेले ते इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे. येथे मात्र बोलताना तारतम्य राखले पाहिजे. ज्या करवीरनगरीत २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने शाहू छत्रपतींनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेथे या आरक्षणाला विरोध करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी खटल्यात तीन कसोट्या घालून दिल्या: स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाची तपासणी, त्यानुसार स्थानिक संस्थानिहाय प्रमाण, आणि एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा. यांतील पहिल्या दोन कसोट्यांचे मूळ २०१० सालच्या कृष्णमूर्ती निकालात होते. म्हणजे माहिती गोळा करण्यासाठी एक तप हाताशी होते. या तपात राज्यावर सर्व प्रमुख पक्षांनी राज्य केले आणि कोणीही ते काम केले नाही. सरकारने आपल्या आळसाने मागासवर्गीयांचे आरक्षण धोक्यात आणले आणि मग त्याच आरक्षणाची ढाल पुढे करून निवडणूक टाळली. मागासवर्गीयांच्या नावाने चाललेला हा कारभार मागासवर्गीयांच्या हिताचा होता, असे कोण म्हणेल? पाच वर्षे सभागृहच नसल्याने त्यांच्या वाट्याची एकही जागा अस्तित्वात नव्हती!

तीन वेळा आखलेले शहर

आता मूळ मुद्द्याकडे वळावयास हवे. २०१५ च्या निवडणुकीत कोल्हापुरात एक्याऐंशी प्रभाग होते आणि प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडला गेला. २०२० च्या अखेरीस त्याच पद्धतीने एक्याऐंशी प्रभागांसाठी आरक्षणाची सोडतही निघाली. मग सरकारने विचार बदलला. तीन सदस्यांचा प्रभाग ठरला, सदस्यसंख्या ब्याण्णव झाली आणि शहर नव्याने आखले गेले. २०२२ मध्ये सरकार बदलले. नव्या सरकारने वाढीव जागा रद्द केल्या, चार सदस्यांचा प्रभाग आणला आणि शहर तिसऱ्यांदा आखले गेले. अखेर एक्याऐंशी जागा वीस प्रभागांत बसविण्यात आल्या. एकोणीस प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. मतदार तेच, पेठा त्याच, पंचगंगा तीच. बदलत राहिल्या त्या फक्त रेघा. आणि रेघ बदलली की न्यायालयीन दावा, दावा आला की ‘जैसे थे’चा आदेश, आणि आदेश आला की तारीख. २२ ऑगस्ट २०२२ च्या अशाच एका आदेशानंतर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास फर्माविले तोवर पावणेतीन वर्षे गेली. त्या चार महिन्यांचेही पुढे ३१ जानेवारी २०२६ झाले.

हा खेळ एकट्या कोल्हापूरचा नाही आणि एकट्या या दशकाचाही नाही. मुंबईखेरीज इतर महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ साली एका सदस्याचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली चौघांचा. पुढे २०१९ मध्ये एकाचा, २०२१ मध्ये तिघांचा आणि २०२२ मध्ये पुन्हा चौघांचा! नगराध्यक्ष थेट जनतेतून की सदस्यांतून, याचेही असेच. २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. यांतील कोणत्याही बदलापूर्वी एखादा अभ्यास झाला, लोकांना विचारले गेले, असे दिसत नाही. ज्याच्या हाती मंत्रालय, त्याला ज्या आकाराचा प्रभाग सोयीचा, तो कायदा.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. खासबाग मैदानात एका मल्लाने आखाडा आखावा, जोड कोणाशी लावायची ते त्यानेच ठरवावे, कुस्ती केव्हा लावायची तेही त्यानेच सांगावे आणि पंच मात्र बाजूला उभा राहून पाहत बसावा, तर शौकीन ती कुस्ती चालू देतील काय? मैदानात जे एक क्षणही चालणार नाही, ते लोकशाहीत वर्षानुवर्षे चालले आहे.

पंचाचे हात कोणी बांधले?

या सामन्यातील पंच म्हणजे राज्य निवडणूक आयोग. संविधानाने मतदारयादी तयार करणे आणि निवडणूक घेणे यांवरील अधीक्षण, निदेशन व नियंत्रण या आयोगाकडे दिले. प्रभागाच्या रेघा कोणी आखाव्यात, हे मात्र संविधानाने स्पष्ट शब्दांत सांगितले नाही. ते राज्याच्या कायद्यावर सोडले. एवढ्या फटीतून सत्ता आत शिरली. महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षे आयोग करीत असे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून ते राज्य सरकारकडे घेतले. कार्यकर्त्यांनी ही नोंद विसरू नये: हा कायदा एकमताने झाला. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे सत्ताधारी आणि विरोधक त्या दिवशी एक झाले. कारण आजचा विरोधक उद्याचा सत्ताधारी असतो आणि रेघा आखण्याची पट्टी आज ना उद्या आपल्या हाती येणार, हे दोघांनाही ठाऊक होते. आणि झालेही तसेच. तीन-चार महिन्यांतच पट्टीचा मालक बदलला.

त्याचा परिणाम २०२५ साली दिसला. प्रभागरचनेचे आदेश नगरविकास खात्यातून निघाले आणि प्रारूप रचना केली ती महापालिका आयुक्तांनी. हे आयुक्त म्हणजेच त्या वेळचे प्रशासक. त्यांची नेमणूक आणि बदली राज्य सरकारच्या हाती. लोकसभा-विधानसभेचे मतदारसंघ आखावयाचे तर त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आजी-माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग बसतो. केरळात स्थानिक संस्थांच्या प्रभागरचनेसाठी राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळा आयोग असतो. महाराष्ट्रात मात्र सरकारचा नोकर सरकारच्या आदेशाने रेघा आखतो. शिवाय अशा रचनेसंबंधीच्या कायद्याची वैधता न्यायालयात विचारता येणार नाही, असे अनुच्छेद २४३-झेडजी सांगतो. न्यायालयाचा दरवाजा जेथे मुळातच अरुंद आहे, तेथे रेघ आखणारा हात तरी स्वच्छ असावा की नाही?

पंचाची नेमणूक कशी होते, हाही प्रश्न आहे. राज्य निवडणूक आयुक्त नेमतात राज्यपाल. अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. गोव्यात तर सरकारने आपल्या कायदा सचिवाकडेच या पदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे, सांगे येथील नगरपालिकांच्या आरक्षणाचा वाद त्यातून न्यायालयात गेला. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी सेवेतील माणसाला निवडणूक आयुक्त नेमणे ही संविधानाची थट्टा आहे. घटनासमितीत जून १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी निवडणूक यंत्रणा कार्यकारी सत्तेपासून अलग ठेवण्याचा आग्रह धरला, तो याच भीतीपोटी. ती भीती खरी ठरविण्यासाठी आमच्या राज्यकर्त्यांनी कष्ट घेतले, एवढेच म्हणता येईल. केंद्रातही डिसेंबर २०२३ च्या कायद्याने निवडणूक आयुक्तांच्या निवडसमितीतून सरन्यायाधीशांना वगळून पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री बसविण्यात आला. दिल्लीची रीत आणि मुंबईची रीत वेगळी नाही.

मोठा प्रभाग कोणाच्या सोयीचा?

बहुसदस्य प्रभागाच्या बाजूने काही युक्तिवाद केले जातात. त्यांना उत्तर दिले पाहिजे. लहान प्रभागात एखादा दादा दहशत बसवितो, मोठ्या प्रभागात ते जमत नाही, असे म्हणतात. महिला व मागासवर्गीय यांचे आरक्षण मोठ्या प्रभागात सोयीचे होते, असेही म्हणतात. पहिल्या युक्तिवादात थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे. परंतु मोठ्या प्रभागात दादा नाहीसा होत नाही; तो मोठ्या पक्षाच्या पॅनेलमध्ये चौघांपैकी एक म्हणून बसतो आणि अधिकच सुरक्षित होतो. दुसऱ्या युक्तिवादाला २०१५ चे कोल्हापूर हेच उत्तर आहे. त्या वर्षी एकसदस्य प्रभागांतूनच निम्म्या जागांवर महिला निवडून आल्या. कायद्याने राखलेल्या साऱ्या जागा भरल्या गेल्या.

आता अर्थशास्त्र पाहावे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. एक्याऐंशी प्रभाग केल्यास एका प्रभागात सुमारे पावणेसात हजार माणसे येतात. चार सदस्यांचा प्रभाग केला की हीच संख्या सत्तावीस हजारांवर जाते. पावणेसात हजारांच्या वस्तीत एखादी अंगणवाडीसेविका, एखादा रिक्षावाला किंवा फाउंड्रीतला कामगार सायकलवरून घरोघर जाऊन निवडणूक लढवू शकतो. सत्तावीस हजारांच्या प्रभागात त्याला वाहने हवीत, छपाई हवी, प्रत्येक मतदानकेंद्रावर माणसे हवीत. म्हणजे प्रवेशाचे मोल चौपट होते, आणि बाजारात प्रवेशाचे मोल वाढले की लहान दुकानदार बाहेर फेकला जातो व मक्तेदार उरतो. निवडणुकीतही तेच होते. बहुसदस्य प्रभाग ही मक्तेदारी निर्माण करण्याची कायदेशीर युक्ती आहे.

जगात बहुसदस्य मतदारसंघ अनेक ठिकाणी आहेत, हे खरे. परंतु तेथे त्यांना बहुधा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची जोड असते. पंचवीस टक्के मते मिळविणाऱ्या गटाला चारांतील एक जागा मिळावी, हा त्यांचा हेतू. आमच्याकडे अ, ब, क, ड अशा चार जागा वेगवेगळ्या लढविल्या जातात आणि चारही जागा एकाच बहुमताला मिळू शकतात. म्हणजे मोठ्या मतदारसंघाचा खर्च आला, परंतु अल्पमताला मिळणारा न्याय आला नाही. शिवाय गटार तुंबले तर जाब कोणाला विचारावा? चौघेही एकमेकांकडे बोट दाखवितात.

सभागृह नसते तेव्हा

‘प्रशासकाच्या काळात कामे बरी होतात, नगरसेवक नाहीत ते बरेच,’ असे मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतून ऐकू येते. नगरसेवकांनी आपली अब्रू स्वतःच घालविली आहे, यात शंका नाही. महापौरपदाची मुदत कायद्याने अडीच वर्षे. म्हणजे २०१५ ते २०२० या काळात दोन महापौर पुरेसे होते. प्रत्यक्षात अर्ध्या डझनाहून अधिक झाले. खुर्ची काही महिन्यांच्या हप्त्यांनी वाटली गेली. या वाटपात सामील असलेल्या कोणालाही सभागृहाच्या प्रतिष्ठेविषयी बोलण्याचा अधिकार नाही.

तथापि रोगी वाईट वागतो म्हणून दवाखानाच बंद करावयाचा नसतो. प्रशासकीय काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने शहराला वेढले. पूरग्रस्तांच्या वतीने अधिकाऱ्यांना जाब विचारणारे सभागृह नव्हते. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात आले; वर्षानुवर्षे रखडलेल्या त्या योजनेचा हिशेब मागणारी स्थायी समिती नव्हती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू छत्रपतींनी उभारलेली आणि महापालिकेच्या ताब्यात असलेली ही वास्तू. सारे शहर हळहळले. परंतु महापालिकेच्या सभागृहात त्यावर एक शब्दही बोलला गेला नाही, कारण सभागृह रिकामे होते.

सभागृह असतानाही चुका होतात, हे टोलच्या प्रकरणाने दाखविले. रस्ते खाजगी कंपनीकडून करून घेऊन तीस वर्षे टोल देण्याचा करार याच महापालिकेच्या संमतीने झाला होता. तो मोडून काढला रस्त्यावर उतरलेल्या जनतेने, प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली, तेव्हा कॉ. पानसरे हयात नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांचा खून झाला होता. त्या लढ्याचा विजय निर्विवाद आहे. परंतु त्यातील धडा अर्धाच शिकला गेला. करार सभागृहात येत असताना त्याची कलमे वाचणारे कोणी तेथे असते, तर पुढची वर्षे रस्त्यावर घालवावी लागली नसती. डाव्या चळवळीने रस्ता भरला, परंतु सभागृह मोकळे सोडले. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

काय मागावे, काय करावे?

मागण्या नेमक्या हव्यात. मार्च २०२२ ची दुरुस्ती रद्द करून प्रभागरचनेचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्यावे. मुदत संपण्यापूर्वीच्या दीड वर्षात सदस्यसंख्या, प्रभागाचा आकार किंवा निवडणुकीची पद्धत बदलण्यास कायद्याने बंदी असावी. निवडणूक आयुक्ताची निवड मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्या समितीने करावी. एकसदस्य प्रभाग असावेत. बहुसदस्यच हवे असतील तर ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वासह असावेत. प्रशासकाने पाच वर्षांत केलेले दीर्घ मुदतीचे करार आणि भाडेपट्टे नव्या सभागृहापुढे छाननीस यावेत. तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या संविधानानेच सक्तीच्या केल्या आहेत आणि क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. त्या कागदावरून वस्तीत आणाव्यात.

केवळ मागणी करून हे होणार नाही. मतदारयादीचे प्रारूप प्रसिद्ध होते, तेव्हा राजेंद्रनगर किंवा सदर बाजारच्या वस्तीत बसून नावे तपासणारे दहा कार्यकर्ते एका मोर्च्याइतकेच मोलाचे काम करीत असतात. प्रभागाच्या नकाशावर हरकत नोंदविणे, सभेचे इतिवृत्त मागून वाचणे, अंदाजपत्रकातील झोपडपट्टी सुधारणेची रक्कम खर्च झाली की वळविली गेली हे पाहणे, ही कामे रुक्ष आहेत. त्यांना टाळ्या पडत नाहीत. परंतु सत्ताधारी वर्ग नेमकी हीच कामे एकाग्रतेने करतो, म्हणूनच तो सत्ताधारी आहे.

नव्या सभागृहाची पाच वर्षे सुरू झाली आहेत. ती संपताना पुन्हा एखादे कारण पुढे येईल: जनगणना, हद्दवाढ, आरक्षण, नाही तर आणखी काही. त्या दिवशी जागे होऊन उपयोग नाही. पुढच्या निवडणुकीची लढाई प्रचाराच्या पहिल्या सभेपासून सुरू होत नाही. ती नकाशावर पहिली रेघ पडते तेथून सुरू होते. त्या रेघेवर पहारा ठेवणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे काम आहे.